पहिल्या गोलाची वही

१

रविवारी सकाळी साडेसातला वासंती कर्णिकने फलज कॉलेजच्या लायब्ररीचे दिवे लावले, हातातला फराळाचा डबा टेबलावर ठेवला आणि सवयीनं काचेच्या कपाटाकडे एक नजर टाकली. कपाटात मखमलीचा तुकडा होता, कसर लागू नये म्हणून ठेवलेली लोबानची पुरचुंडी होती, 'फुटबॉल संघाची पहिली वही, १९९४' अशी पाटीही होती. वही तेवढी नव्हती.

कुलूप जागच्या जागी होतं. म्हणजे चोरानं किल्लीनं कपाट उघडलं, वही घेतली आणि सभ्य माणसासारखं पुन्हा कुलूप लावलं. फोडाफोडी करणारा चोर बाहेरचा असतो. किल्ली लावणारा आपल्यातला असतो आणि त्याचाच ताप जास्त.

वासंती अठ्ठावन्न वर्षांची. सव्वीस वर्षांपूर्वी ठाण्याहून मस्कतला आली आणि अल खौदच्या या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून चिकटली ती कायमची. लायब्ररीतून गेलेलं पुस्तक परत आणल्याशिवाय तिला जेवण गोड लागत नसे. एका प्राध्यापकानं नेलेला शब्दकोश तिनं सात वर्षांनी, त्याच्या निरोप समारंभात, सगळ्यांसमोर मागून घेतला होता.

ही वही तर तिनंच शोधून काढली होती. दहा दिवसांपूर्वी जुनं कोठार रिकामं करताना एका पत्र्याच्या पेटीत ती मिळाली. संघाचे पहिले कोच राजीव खानविलकर दापोलीचे. त्यांनी ती मराठीत लिहिलेली. सर आठ वर्षांपूर्वी वारले. वहीवर कधीतरी एसीचं पाणी गळलं होतं, त्यामुळे पहिली सहा पानं सुटी आणि पुढची एकमेकांना घट्ट चिकटलेली. सहा पानांत नुसते दगड होते. 'आज मैदानातून अकरा घमेली दगड काढले.' 'आज चौदा.' 'गोलपोस्टला पाण्याचे पाइप, जाळीला सीबच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांचं जुनं जाळं.' कॉलेजला आज हिरवं मैदान होतं, दिव्यांचे खांब होते, पण सुरुवात या घमेल्यांपासून झाली होती.

मंगळवारी संघाला तीस वर्षं पूर्ण झाल्याचा समारंभ होता. गुरुवारच्या बैठकीत वासंतीनं जाहीर केलं होतं, "रविवारी मी चिकटलेली पानं सोडवणार आणि मंगळवारी पहिल्या मॅचची हकीकत सरांच्याच शब्दांत वाचून दाखवणार."

गुरुवारी दुपारी चारला वही कपाटात होती. शुक्रवार-शनिवार कॉलेज बंद. आणि आज नाही. पानं सोडवायच्या आधी कुणीतरी घाई केली होती.

तिनं ऑफिसात फोन लावला. पलीकडून प्रशासन व्यवस्थापक प्रसाद हुपरीकर म्हणाला, "मॅडम, मला कळलंय. चोर कोण तेही कळलंय. तुम्ही वर या."

२

प्रसाद आठ वर्षांपूर्वी पुण्याहून आलेला. नेटका, इस्त्रीचा, कामाला वाघ. दिवाळीमुळे त्याची खोली सजली होती. भिंतीवरच्या फळीवर त्याचा पितळी गणपती लाल कापडावर झेंडूच्या माळेत बसला होता.

"सही करा," त्यानं कागद पुढे केला. "वही हरवल्याचा अहवाल."

तारीख लिहायला वासंतीनं फळीमागच्या कॅलेंडरकडे पाहिलं, तर तारखांचे चौकोन गणपतीच्या मुकुटाआड गेले होते. "आज किती तारीख?"

"तीन. तीन नोव्हेंबर."

तिनं तारीख घातली आणि मग वरचा मजकूर वाचला. संशयित म्हणून तानाजी पाष्टे याचं नाव होतं. तिचा हात तिथंच थांबला.

तानाजी म्हणजे मैदानाचा माणूस. सिंधुदुर्गातून बत्तीस वर्षांपूर्वी आलेला. गवत, चुन्याच्या रेषा, जाळ्या, पाणी, सगळं त्याच्याकडे. येत्या शुक्रवारच्या विमानानं तो कायमचा घरी जाणार होता आणि मंगळवारी त्याचाही निरोप होता. आणि गेली वीस वर्षं दर भाऊबीजेला वासंती त्याला लायब्ररीच्या चहाच्या खोलीत ओवाळत आली होती. आज भाऊबीज होती. टेबलावरचा डबा त्याच्यासाठीच होता.

"कपाटाच्या किल्ल्या तीन," प्रसाद म्हणाला. "एक तुमच्याकडे, एक या ऑफिसात, एक तानाजीच्या जुडग्यात. दोन दिवस कॅम्पसवर तो एकटा. आणि गुरुवारी तो तुम्हाला काय म्हणाला ते मी दारातून ऐकलंय."

ते खरं होतं. गुरुवारी कपाट पुसताना तानाजीनं वही बराच वेळ हातात धरली होती. डोळे भरले होते त्याचे. "बाईनू," तो म्हणाला होता, "ही वही तुम्ही वाचतलास? नको वाचूक. जुनी वस्तू आसा, तशीच ऱ्हवांदे."

"मंगळवारी दुपारी बारापर्यंत वही आली नाही, तर मी पोलिसात तक्रार देणार," प्रसाद म्हणाला. "केस झाली की त्याचं जाणं अडकलं. मी तरी काय करू? नियम आहेत."

टेबलाच्या कडेची एक फाइल खाली पडली आणि त्याच्या बुटाला लागली. त्यानं पटकन वाकून ती उचलली, हात कपाळाला लावला आणि फाइल जागेवर ठेवली. आईनं लावलेली सवय मस्कतलाही सुटत नाही.

"मी सही करणार नाही," वासंती म्हणाली.

"मॅडम, भावनेचा प्रश्न नाही हा."

"नाहीच. कारणाचा आहे. तानाजीभाऊंना वहीतलं काय लपवायचंय ते तुम्हाला माहीत आहे? मलाही नाही. ते कळेपर्यंत ते चोर नाहीत. बारा वाजायला अजून दोन दिवस आहेत."

जाताना प्रसादनं तिच्या हातात समारंभाचं पुस्तक ठेवलं, छापखान्यातून नुकतंच आलेलं. 'तीस वर्षांची दौड.' जिन्यातच तिनं ते उघडलं आणि दुसऱ्या पानावर पाय थबकले. तिनं न वाचलेली मॅच तिथं आधीच छापलेली होती.

३

पुस्तकात असं होतं: 'शनिवार, ५ नोव्हेंबर १९९४. सुट्टीचा दिवस. कॉलेज बंद असल्यामुळे खेळाडू विश्रांती घेऊन ताजेतवाने होते. पहाटे संघ इब्राला रवाना झाला. नऊ क्रमांकाच्या अरहमने संघाचा पहिला गोल केला आणि पुढे दुसरा करून २-१ असा विजय मिळवून दिला.' खाली लेखकाचं नाव नव्हतं, 'संपादक समिती' एवढंच होतं.

अरहम म्हणजे आज कॉलेजच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष. नव्या पॅव्हेलियनला त्यांचं नाव द्यायचं होतं, संगमरवरी पाटी पडद्याआड तयार होती. पहिल्या संघाची अकरा नावांची जुनी यादी क्रीडा विभागाच्या भिंतीवर टांगलेली होती. तिच्यात नवव्या क्रमांकावर अरहमच होते. तेव्हा यात वावगं काय?

वावगं हे, की पुस्तक महिन्याभरापूर्वी छापायला गेलं आणि वही सापडून दहाच दिवस झाले. ही माहिती आली कुठून? आणि खोटी असली तर चिकटलेल्या पानांची भीती कुणाला?

समितीत तिघं होते. प्रसाद, क्रीडा विभागाची उमामा आणि पुस्तकाची मांडणी करणारा सलील.

सलील अठ्ठावीसचा, मस्कतमध्येच जन्मला आणि वाढला. त्याचं मराठी चालताना ठेचकाळायचं. तो रोज प्रसादच्याच गाडीतून माबेलाहून यायचा.

"मॅम, आय स्वेअर, मी नाही लिहिला तो चॅप्टर," तो म्हणाला. "कॉमन फोल्डरमध्ये टेक्स्ट आला, मी पेजवर टाकला. मला वाटला उमामा मॅमनी दिला."

"शनिवारी कुठे होतास?"

"झोपलेलो! बारापर्यंत. लहानपणी सॅटरडेला असेंब्ली असायची ना, सकाळी सात वाजता. त्याचा रिव्हेंज आता घेतो." मग तिचा चेहरा पाहून तो गंभीर झाला. "तानाजी अंकलना खरंच पोलीस नेणार?"

"मी असताना नाही," वासंती म्हणाली.

उमामा मैदानावर मुलींचा सराव घेत होती. तिच्याशी वासंतीचं बोलणं हिंदी, इंग्रजी आणि अरबीच्या खिचडीत चालायचं.

"माझे धडे दोन हजार पाचनंतरचे," उमामा शिट्टी काढून म्हणाली. "मुलींचा संघ सुरू झाला तिथून. इब्राचं मी कशाला लिहू? मला वाटलं प्रसादनं सलीलकडून लिहून घेतलं."

"आणि प्रसादला विचारलं तर?"

"तो म्हणेल, समितीनं." उमामा हसली, पण लगेच थांबली. "वासंती, मला तानाजीनं रेषा मारायला शिकवलं. दोरी न लावता. त्यानं चोरी केली असली तर मी उद्यापासून बुरखा घालून गोलकीपर होईन."

तिघांपैकी एकानं लिहिलं होतं आणि तिघंही दुसऱ्याकडे बोट दाखवत होते. पण ज्याच्यावर आळ होता, तो बोलतच नव्हता.

तानाजी सावलीत जाळं शिवत बसला होता. पावलं पांढरी, चुन्याची. बूट त्याला कधी मानवलेच नाहीत.

"मिया चोरूक नाय, बाईनू. देवाक ठावक."

"मग वाचू नका का म्हणालात?"

त्यानं सुई थांबवली. "मिया सरांका शब्द दिलंय."

"सर गेले, तानाजीभाऊ."

"म्हणान काय झालां? शब्द खंय गेलो?"

"बरं. शब्द ज्याचा दिलात ते नका सांगू. बाकीचं सांगा. इब्राला कसे गेलात?"

तो जरा सैल झाला. "पिकअपमदनां. मी पाण्याचे कॅन घेवन पाठी. मॅच झाली, रातीक थंयच ऱ्हवलांव. दुसऱ्या दिसा जुम्मो. हुसेन कॅप्टनाच्या घराकडे सगळ्यांका जेवाण. येवढी मोठी परात, भात नि मटान. तसां जेवाण परत नाय मिळाक."

"आणि मॅच? जिंकलात?"

तानाजी पुन्हा जाळ्यात डोकं घालून बसला. वासंतीनं लायब्ररीतून सोबत आणलेला डबा उघडला, ताम्हनात निरांजन लावलं आणि भर मैदानात त्याला ओवाळलं. सरावाच्या मुली थांबून बघत राहिल्या. तानाजीला मान वर करवेना.

"बाईनू, चोराक ओवाळतास," तो म्हणाला.

"भावाला ओवाळतेय," वासंती म्हणाली. "आणि ओवाळणी म्हणून मला वही पाहिजे. ती मी घेणारच."

४

सोमवारी ती रजा टाकून इब्राला निघाली. पावणेदोन तास डोंगरांतून गाडी हाकली. हुसेनचं दुकान बाजाराच्या तोंडाशीच होतं, विहिरीच्या पंपांचं. पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला, पण चालताना अजून कॅप्टन.

त्यानं खजूर आणि कहवा पुढे केला. तिचं सगळं ऐकून घेतलं. मग कप खाली ठेवला.

"उस्ताद राजीवनी आम्हा सगळ्यांकडून शब्द घेतला होता," तो हिंदीत म्हणाला. "मी तो मोडणार नाही. पण फोटोचा शब्द कुणी घेतला नव्हता."

आतून त्यानं एक फ्रेम आणली. मॅचनंतरचा संघ, धुळीनं माखलेला. कोपऱ्यात त्या वेळच्या कॅमेऱ्यानं उमटवलेले नारिंगी आकडे होते: ३, ११, ९४.

"तीन," वासंती म्हणाली. "पुस्तकात पाच आहे."

"पुस्तक लिहिणारा इब्राला आला नसेल."

तिनं फोटो उजेडात धरला. माणसं मोजली. उभे सहा, बसलेले पाच, बाजूला राजीव सर. यादीतली दहा नावं हुसेननं बोट ठेवून सांगितली. अकरावा, नऊ नंबरचा, गुडघ्यावर वाकलेला होता आणि त्यानं तोंड मुद्दाम फिरवलं होतं. त्याच्याकडे हुसेननं बोट दाखवलं नाही. पाण्याचे कॅन जमिनीवर आडवे पडले होते आणि कॅन आणणारा माणूस फोटोत कुठेच नव्हता.

सगळ्यांच्या पायात बूट होते. नऊ नंबरचे पाय अनवाणी होते आणि घोट्यापर्यंत पांढरे. दुसऱ्याच्या मैदानावर जाऊनही ज्याला रेषा मारल्यावाचून राहवलं नव्हतं, असे ते पाय.

वासंतीला कालचं जाळं आठवलं, पांढरी पावलं आठवली. वहीत गुन्हा नव्हता. वहीत तानाजी होता.

"अरहम त्या दिवशी आलेच नव्हते," ती सावकाश म्हणाली.

हुसेननं तिच्या कपात आणखी कहवा ओतला आणि मग आपल्या डोळ्यांना रुमाल लावला.

"हा फोटो मला द्याल?"

"उद्या मी स्वतः घेऊन येतो," हुसेन म्हणाला. "तीस वर्षं मी या माणसाला एक टाळी देणं लागतो."

परतीच्या रस्त्यावर तिला तानाजीचं मौन कळलं होतं, पण चोर कळला नव्हता. सीटवर पुस्तक उघडं पडलं होतं. 'शनिवार. सुट्टीचा दिवस.' सिग्नलला थांबल्यावर तिनं ते वाक्य पुन्हा वाचलं आणि मागची गाडी हॉर्न वाजवेपर्यंत ती तशीच बसून राहिली.

५

मंगळवारी सकाळी नऊला ती प्रसादच्या खोलीत गेली. सोबत उमामा आणि सलील होते.

"वही मिळाली?" प्रसादनं विचारलं.

"मिळेल. आधी दोन मिनिटं ऐका." तिनं पुस्तक टेबलावर ठेवलं. "हा धडा ज्यानं लिहिला त्यालाच चिकटलेल्या पानांची भीती होती, कारण हा सगळा मनानं रचलेला आहे. मॅच पाच तारखेला नव्हती, तीनला होती. तानाजीभाऊ परवा म्हणाले, मॅचच्या दुसऱ्या दिवशी जुम्मा होता. जुम्म्याच्या आदल्या दिवशी कोणता वार येतो?"

"थर्सडे," सलील म्हणाला.

"मग ज्यानं हे लिहिलं त्यानं शनिवार का लिहिला? आणि नुसता शनिवार नाही. सुट्टी, कॉलेज बंद, मुलं ताजीतवानी. सलील, तुझी शनिवारची असेंब्ली."

सलीलचे डोळे विस्फारले. "ओह शिट. सॉरी मॅम. सॅटरडेला शाळा होती! सुट्टी थर्सडे-फ्रायडे होती. मी हायस्कूलमध्ये असताना चेंज झाला."

"दोन हजार तेरा," उमामा म्हणाली. "माझी आई अजून गुरुवारी फोन करून विचारते, आज सुट्टी ना?"

"त्याआधी या देशात शनिवार म्हणजे कामाचा पहिला दिवस," वासंती म्हणाली. "पहिला तास, पहिली हजेरी. शनिवारी पहाटे संघ घेऊन इब्राला कोणी गेला असता तर प्रिन्सिपलनी त्याला तिथंच ठेवून घेतला असता. उमामा इथली. सलील इथं वाढलेला. तानाजीभाऊ बत्तीस वर्षं इथं आहेत. ही चूक यांच्यापैकी कुणाच्या हातून झोपेतही होणार नाही. शनिवार म्हणजे सुट्टी असं न विचारता फक्त तोच लिहील, जो तेरा सालानंतर आला. समितीत असा एकच आहे."

प्रसाद हसायला गेला. "मॅडम, एका वारावरून? आणि समजा लिहिलं मी. म्हणून वही मी घेतली असं होत नाही. माझी गाडी बघा. घर बघा."

"परवा मी सांगायच्या आधीच वही गेल्याचं तुम्हाला ठाऊक होतं. आणि गाडी-घर कशाला? गाडीत रोज सलील असतो, घरी तुमची बायको कल्पना असते. आणि फाडून टाकणं तुम्हाला जमणार नाही. फाइलला पाय लागला तर नमस्कार करता तुम्ही." ती फळीकडे वळली. "मी या खोलीत आठ वर्षं सह्या करतेय, प्रसाद. दर वेळी तारीख त्या कॅलेंडरवर बघते. परवा पहिल्यांदा तुम्हाला विचारावी लागली. तुमचा गणपती एवढा उंच कधी बसत नव्हता."

प्रसाद उठला. त्यानं बूट काढले, गणपतीला हात जोडले, मूर्ती दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवली. लाल कापडाच्या घडीत पुठ्ठ्याची जाड वही होती. लोबानचा वास खोलीभर पसरला.

"अध्यक्षांनी समारंभाला पाच तारीख दिली," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "मला वाटलं, पहिली मॅचही त्याच तारखेची दाखवून त्यांना सरप्राइज द्यावं. यादीत नऊ नंबर त्यांचा, मॅच इब्राला झाली एवढंच सगळ्यांना ठाऊक. मोबाईलवर पाच नोव्हेंबर चौऱ्याण्णव काढलं तर शनिवार. म्हटलं, वा, सुट्टीच निघाली. पाटी कोरून झाली आणि मग तुमची वही सापडली. ताई, पुढच्या महिन्यात माझं काँट्रॅक्ट संपतंय. सगळ्यांसमोर खोटा पडलो असतो."

"आणि तानाजीभाऊ?"

"तो तर जाणारच होता," प्रसाद पुटपुटला.

वासंतीला इतका वेळ राग आला नव्हता. आता आला, आणि तो तिनं लपवला नाही. "बत्तीस वर्षं ज्यानं या मैदानातले दगड वेचले, त्याला चोर म्हणून विमानात बसवणार होता तुम्ही. तेही बसू दिलं असतं तर! तो अहवाल आत्ता माझ्यासमोर फाडा. मग मैदानावर जाऊन त्यांची माफी मागा. अध्यक्षांनाही तुम्हीच सांगायचं, मी नाही. काँट्रॅक्टचं ते बघतील."

"कागद म्हणजे विद्या, तो फाडू नये," प्रसाद म्हणाला आणि त्याही स्थितीत त्याचा हात क्षणभर अडला. मग त्यानं तो फाडला.

तो जिना उतरून मैदानाकडे गेला. खिडकीतून दिसलं, तो तानाजीसमोर वाकला आणि तानाजीनं घाईघाईनं त्याला खांदे धरून उभं केलं. वासंतीनं वही छातीशी धरली आणि ती लायब्ररीत आली. पानं अजून चिकटलेलीच होती.

६

टिपकागद, कागद सोडवायची पातळ सुरी आणि तीन तास. सातवं पान सुटलं तेव्हा दुपार झाली होती. ते वाचून वासंती खुर्चीत मागे टेकली आणि थोडा वेळ रडली. मग तोंड धुऊन साडी नीट केली.

संध्याकाळी मैदानावर दोनशे माणसं होती. पाटीवरचा पडदा तसाच होता. तानाजी शेवटच्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात, उठून जायच्या तयारीत बसला होता. वासंती माइकपुढे उभी राहिली तसा तो खरंच उठला. पण त्याच्या एका बाजूला हुसेन होता आणि दुसऱ्या बाजूला सलील. दोघांनी त्याला खाली बसवलं.

तिनं मराठीत एकेक वाक्य वाचलं आणि उमामानं ते अरबीत सांगितलं.

"'गुरुवार, तीन नोव्हेंबर, इब्रा. आम्ही चार-एक असे हरलो.'"

प्रेक्षकांत कुजबुज झाली.

"'अरहम आला नाही. दहा जणांनी खेळावं तर हुसेनच्या गावात त्याची मान खाली जाते. पाणी आणणाऱ्या तानाजीला मी नऊ नंबरचा शर्ट घातला. बूट कुणाचेच होईनात, तो अनवाणी उतरला. एकसष्टाव्या मिनिटाला आपल्या संघाचा पहिला गोल त्यानं केला. चेंडू जाळ्यात गेल्यावर तो हात वर करायचं सोडून माझ्याकडे बघत राहिला, चूक झाल्यासारखा. आमच्यापैकी कुणी टाळी वाजवली नाही. टाळ्या वाजल्या असत्या तर लोकांनी विचारलं असतं, हा कोण.

'तो विद्यार्थी नाही. नियम मी मोडला. कळलं तर माझी नोकरी जाईल, म्हणून रात्री सगळ्यांकडून शब्द घेतला. कागदावर अरहमचं नाव गेलं. हा भित्रेपणा माझा, आणि ओझं तानाजीच्या डोक्यावर. तो मरेपर्यंत शब्द पाळील, मला माहीत आहे. म्हणून इथं लिहून ठेवतो. ही वही ज्या दिवशी कुणी मोठ्यानं वाचेल, त्या क्षणी तानाजी, तुझा शब्द सुटला. आणि ऐकणाऱ्यांनो, त्या दिवशी राहिलेल्या टाळ्या तेवढ्या तुम्ही वाजवा.'"

पहिल्या रांगेतून अरहम उठले. दुपारी प्रसादनं त्यांना सगळं सांगितलं होतं. माइककडे न येता ते तिथूनच मोठ्यानं म्हणाले, "मी त्या दिवशी सीबला मासे पकडत होतो! घरी सांगितलं होतं, मॅचला गेलो म्हणून. त्यामुळे गोल कुणी केला, हे मी कधी कुणाला विचारायला गेलोच नाही."

लोक हसले. मग अरहमनी मागे वळून, तानाजीकडे तोंड करून, टाळ्या वाजवायला सुरुवात केली. हुसेन उठला, उमामाच्या मुली उठल्या, सलील बोटं तोंडात घालून शिट्टी मारायला लागला. मागं खांबाजवळ उभा असलेला प्रसादही टाळ्या वाजवत होता. मैदान उभं राहिलं. एकटा तानाजी बसून होता, दोन्ही हात तोंडावर धरून.

टाळ्या थांबल्यावर वासंती त्याच्याजवळ गेली आणि वही त्याच्या मांडीवर ठेवली.

"ही माझी ओवाळणी," ती म्हणाली. "आता सांगा, कसा मारलात?"

तानाजीनं डोळे पुसले. वहीवर हात ठेवला. हुसेननं खुर्ची वळवली, मुली गवतावर बसल्या, अरहम कडेला उभे राहिले.

"मॅच सुरू झाली तेवा वारो आमच्या आंगार," तानाजी म्हणाला, आणि मग तीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं तो गोल सांगायला घेतला.